बिनभोकाचा हौदा

आमच्या पिकअपच्या हौद्यात काय अंथरायचं, हे ठरवायला मी सत्तावीस दिवस घेतले. माझं लग्न चार दिवसांत ठरलं होतं.

यात माझा दोष नाही, सवयीचा आहे. एका सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत मी चौतीस वर्षं कारकून होतो. तिथे टाचण्यांची डबी घ्यायची तरी तीन दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, त्यावर साहेबांचा शेरा आणि मग खरेदीचा आदेश, असा सगळा प्रवास असे. (डबी येईपर्यंत जे कागद टाचायचे ते कसरीने खाल्लेले असत.) गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि खेडजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. पहिल्या आठवड्यातच बायकोच्या लक्षात आलं, की कचेरीने मला सोडलं असलं तरी मी कचेरीला सोडलेलं नाही.

बायको म्हणजे रंजना. तिचं सगळं उलटं. आधी काम करून मोकळी होते, मग विचारलं तर सांगते. मी रत्नागिरीत फायली रंगवत होतो तेव्हा ती हर्णे बंदरातून सुकी मासळी आणून खेडच्या बाजारात विकत होती. बोंबील, सोडे, सुकट, सगळं डोक्यावरच्या पाटीतून आणि तिथून एसटीतून. एखादा कंडक्टर नाक मुरडायचा. "मावशी, काय वास हा!" ही शांतपणे म्हणायची, "खिडकी उघडा. घरी ताटात पडतात तेव्हा उघडता काय?"

तर या बाईने पन्नाशीनंतर गाडी शिकायची ठरवली. शिकली. पहिल्या फटक्यात लायसन काढलं. (मी तीनदा नापास झालो आहे. स्कूटरच्या.) मग स्वतःच्या साठवणीतून आणि बचत गटातल्या बायकांच्या जोरावर तिने चक्क पिकअप आणली. काचेवर 'जय भीम' लावलं, घरी वंदना झाली, अख्ख्या वाडीत पेढे वाटले. मी पेढे वाटण्याचं काम केलं आणि तेही यादी करून.

पिकअप घेण्यामागे एक खास कारण होतं. खेडला स्टँडजवळ सुमनताईंची खानावळ आहे. मासळीच्या जेवणासाठी तिथे लोक पायरीवर ताटकळत बसतात. ताईंना ताजी मासळी पुरवणारा माणूस मुंबईला मुलाकडे निघून गेला होता आणि ताईंनी रंजनाला सांगितलं होतं, "बुधवार, शुक्रवार, रविवार माल लागतो मला. तू एकदा आणून दाखव. बरा वाटला तर बारमाही तुझाच!" सुक्या मासळीच्या पाटीवरून थेट ओल्या मासळीचं बारमाही गिऱ्हाईक! रंजनाला त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून मलाही लागली नाही.

अडचण एकच होती. पिकअपचा हौदा उघड्या पत्र्याचा. ओल्या मासळीचं खारं पाणी पत्र्याला लागलं, की आमच्या हवेत दोन वर्षांत त्याची चाळण होते. म्हणून आत काहीतरी घालून घेणं भाग होतं. रंजना मला म्हणाली, "अहो, गाडी मी आणली. आता हौद्यात घालायचं काय ते फक्त तुम्ही बघा."

'फक्त' आणि 'बघा' हे दोन शब्द खरेदी शाखेच्या माणसासमोर एका वाक्यात वापरू नयेत!

मी त्याच दिवशी नवीन फाईल उघडली. विषय : 'चारचाकी मालवाहू वाहनाच्या हौद्यास संरक्षक अस्तर पुरविणे व बसविणेबाबत.' आणि निर्णय होईपर्यंत हौद्यात कुठलाही माल टाकायचा नाही, असा तोंडी आदेशही काढला. रंजनाने तो ऐकून भाताचा कुकर लावला.

पहिलं दरपत्रक मागायला खेडला इकबालभाईंच्या गॅरेजात गेलो. तीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला माणूस. त्यांनी हौद्याची लांबी-रुंदी नुसत्या नजरेने घेतली आणि म्हणाले, "भाऊ, जाड रबर टाका. खाणीत माल वाहायला पट्टा असतो ना, तसला. वीस वर्षं बघायला नको. गाडी आणा, दोन तासांत बसवून देतो."

"लेखी द्या," मी म्हणालो.

"काय लेखी?"

"दरपत्रक. आणि रबराचं तांत्रिक वर्णन."

इकबालभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फाईलकडे बघितलं, आणि ऑइल फिल्टरच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून दिलं : 'रबर. काळा. जाड.' खाली ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा आपसूकच उमटला. मी तो पुठ्ठा पंच करून फाईलला लावला.

दुसरं दरपत्रक सुताराचं, प्लायवूडचं. त्यासाठी त्याच्याकडे सहा वेळा गेलो. सातव्या वेळी त्याने मला लांबून बघितलं आणि मागच्या दाराने शेतात गेला. आठव्या वेळी त्याच्या बायकोने दिलं.

तिसरं काही मिळेना! आणि तीन झाल्याशिवाय तक्ता कसा करणार? शेवटी शेजारचे गणपतकाका कठड्यावर तंबाखू मळत म्हणाले, "अरे, एवढा विचार कसला करतोस? खळा सारवतो तसा शेणान सारव नि मोकळा हो." काकांनी ही थट्टा केली होती. मी ती लिहून घेतली आणि खाली त्यांची सही घेतली. तीन झाली!

मग तक्ता करायला बसलो. टिकाऊपणा, गंजरोधकता, धुण्याची सोय, उन्हात तापणे, मासळीच्या वासाशी जुळवून घेण्याची क्षमता असे अकरा रकाने आखले. शेणाला उन्हात तापण्याच्या रकान्यात सर्वाधिक गुण मिळाले, हे मी कोणताही पूर्वग्रह न ठेवता नोंदवलं. या सगळ्या काळात पिकअप अंगणात फणसाखाली उभी होती. आमची तांबडी कोंबडी हौद्याच्या कोपऱ्यात अंड्यांवर बसली. एकवीस दिवसांनी ती नऊ पिल्लं घेऊन खाली उतरली, तेव्हा माझा तक्ता चौथ्या रकान्यात होता.

सव्विसाव्या दिवशी, सोमवारी, रंजना माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. ती आवाज चढवत नाही तेव्हा मी घाबरतो.

"सुमनताईंचा फोन आलेला. परवा बुधवारी माल आला तर ठीक, नायतर त्या दापोलीच्या माणसाला सांगणार हायत."

"पण तक्ता अजून..."

"कोंबडीला जमलं ते तुम्हाला जमत नाय काय?"

मी तक्त्याखाली तिथल्या तिथे शेरा मारला : 'रबर. मंजूर.' आणि मंगळवारी सकाळी आम्ही इकबालभाईंच्या दारात उभे राहिलो.

इथपर्यंत जे झालं त्याला उशीर म्हणतात. माझं खरं कर्तृत्व आता पुढे आहे. रंजना बाजारात क्रेट आणायला गेली होती. इकबालभाईंनी रबराचा अख्खा ताव हौद्यात पसरला, कडा वीतभर वर वळवल्या आणि हातात खडू घेऊन म्हणाले, "भाऊ, खाली पत्र्याला चार भोकं हायत. रबरालापण त्याच जागी पाडतो."

"भोकं?" मी दचकलो. चौतीस वर्षं मी भोक पडलेला माल परत पाठवत आलो होतो. भोकाची बादली, भोकाचं पिंप, भोकाची ताडपत्री, काय काय परत धाडलं असेल! छिद्र म्हणजे दोष, हे माझ्या रक्तात भिनलेलं. "नव्या मालाला भोकं पाडायची? पाणी पत्र्यापर्यंत जाऊ नये म्हणूनच तर हे घालतोय ना आपण?"

"अवो, पण पाण्याला वाट..."

"थेंबसुद्धा खाली जाता कामा नये. उलट ती मूळची चार भोकंही बुजवा. आणि मागच्या उघडत्या फाळक्याच्या फटीलासुद्धा रबरी पट्टी मारा."

इकबालभाईंनी खडू कानामागे खोचला. मग विचारलं, "लेखी देता?"

मी दिलं! आनंदाने दिलं! 'हौदा संपूर्ण छिद्रविरहित करावा.' खाली सही, तारीख. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात जपून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कागदाची कुणी इतकी काळजी घेतलेली बघून मला भरून आलं.

बुधवारी दुपारी आम्ही हर्ण्याला पोचलो. होड्या लागल्या होत्या, वाळूत लिलाव सुरू होता आणि त्या गलक्यात रंजना अशी शिरली की मला फक्त तिच्या पदराचं टोक दिसत होतं. तासाभरात तिने बांगडे, सुरमई आणि कोळंबी मिळून दहा क्रेट उचलले. माल भरणाऱ्या माणसांनी नवा हौदा बघितला आणि तो स्वच्छ करायला समुद्राच्या पाण्याच्या पाच-सहा बादल्या आत ओतल्या. मी वाकून गाडीखाली पाहिलं. एक थेंब नाही! अभिमानाने छाती फुगली.

"काका, पानी जाईत नाय," एक जण म्हणाला.

"जाणारच नाही. तेच तर वैशिष्ट्य आहे!"

त्याने दुसऱ्याकडे बघितलं. दुसरा म्हणाला, "मग बरा हाय. पावसाळ्यात होडी ह्यातच ठेवू."

क्रेट चढले, खाली चार, त्यावर चार आणि सगळ्यात वर दोन असे रचले गेले. त्यावर फावड्याने बर्फ पडला, फटींमधून बर्फ कोंबला, वर ताडपत्री बांधली. रंजना घाईत होती. सुमनताईंकडे आठला पंगत बसते, त्याआधी मासळी साफ होऊन कढईत पडायला हवी होती. तिने हौद्यात डोकावून विचारलं, "खाली पाणी कसलं दिसतंय?"

"धुतलेलं आहे. तू चल. मी मागे बसतो. भारासह प्रत्यक्ष पाहणी करायची आहे."

एरवी तिने वाद घातला असता. पण मी पुढे बसलो की उजव्या पायाने सारखा नसलेला ब्रेक दाबतो आणि 'सावकाश, सावकाश' करतो. त्यामुळे ती लगेच हो म्हणाली. मी फाईल घेतली आणि केबिनला पाठ लावून एका पालथ्या क्रेटवर बसलो. (माल वाहायच्या हौद्यात माणसाने बसू नये असा नियम आहे. मी आयुष्यात मोडलेला हा एकमेव नियम, आणि तो हात धुऊन माझ्या मागे लागला.)

हर्ण्याहून दापोलीपर्यंत चढ. सगळं पाणी मागे फाळक्याशी जमा झालं. फाळक्याची पट्टी अप्रतिम! मी फाईलमध्ये नोंद केली : 'गळती शून्य. समाधानकारक.' बर्फ वितळत होता, पाणी वाढत होतं, पण ते माझ्यापासून लांब होतं, आणि लांबच्या गोष्टींबद्दल मी नेहमीच समाधानी असतो.

दापोली मागे पडली आणि खेडच्या बाजूचा उतार लागला. पहिल्याच वळणाला ते सगळं पाणी, हर्ण्याच्या बादल्या अधिक वितळलेला बर्फ अधिक मासळीचा रस, मागचा मुक्काम हलवून माझ्याकडे आलं. आधी चपला गेल्या. मग घोट्यापर्यंत गारेगार. मी पाय वर घेतले. दुसऱ्या वळणाला खालचा एक क्रेट तिरका झाला आणि त्यातली कोळंबी शिस्तीत रांग धरून बाहेर आली.

मी केबिनवर थाप मारली. "रंजना! थांब!"

आता तिची बाजूही सांगितली पाहिजे. काच वर होती, इंजिनाचा आवाज होता, तिला फक्त थाप ऐकू आली. तिला वाटलं, नेहमीप्रमाणे 'सावकाश' सांगतायत. म्हातारपणी नवऱ्याचं ऐकावं, म्हणून तिने ब्रेक लावला. ब्रेक लागल्याबरोबर उरलंसुरलं पाणीही पुढे धावून आलं आणि माझ्या छातीवर आपटलं!

मी दोन थापा मारल्या. तिने जोरात ब्रेक लावला. या खेपेस लाटेबरोबर बांगडे आले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला सहा थापा आणि सहा लाटा लागल्या. सातव्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला. फाईल केव्हाच तरंगत फाळक्याच्या दिशेने निघाली होती. अकरा रकान्यांची शाई सुटून पाण्याला निळसर छटा आली होती. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक कोळंबी बसली होती. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने मला नीट निरखून बघितलं आणि त्याच्या मागे बसलेल्या बाईला मोठ्याने सांगितलं, "हर्ण्याची लोकं बघ, मासळी किती ताजी आणतात! पकडणारासकट!"

खेड येईपर्यंत मी गप्प बसलो. त्यामुळे नीट विचार करायला वेळ मिळाला, आणि आपण काय करून बसलो आहोत ते मला कळलं. मी भिजलो त्याचं काही नव्हतं. पण बर्फाच्या पाण्यात तास-दोन तास बुडलेली मासळी नरम पडते, पांढरट होते, हे मासळी खाणाऱ्या कुणालाही कळतं. खालचे क्रेट बुडालेले होते. रंजनाची पहिली खेप. पंधरा-पंधरा वर्षं एसटीत नाकं मुरडून घेतल्यावर मिळालेली पहिली खेप! मला लाज वाटली. सरळ सांगतो, रडू आलं. तेवढ्या पाण्यात ते कुणाला दिसलं नसतं, हा त्यातल्या त्यात फायदा.

खानावळीसमोर गाडी थांबली. पायरीवर पंगतीची वाट बघणारे दहा-बारा जण बसलेले. रंजना उतरली, मागे आली आणि तिने फाळक्याची कडी काढली.

मी ओरडलो, "अगं, हळू..."

फाळका पडला. आधी पाणी गेलं. पाण्याबरोबर कोळंबी, कोळंबीबरोबर बांगडे, आणि बांगड्यांबरोबर बसल्या जागेवरून घसरत मी. थेट सुमनताईंच्या पायाशी! पायरीवरची मंडळी पाय वर घेऊन उभी राहिली. कुठून तरी तीन मांजरं आली.

सुमनताई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रंजना, मासळी सांगितलेली गो मी. ह्यो काय आणलास?"

"मिस्टर हायत," रंजना म्हणाली.

पायरीवर जो हशा उठला तो बराच वेळ चालला. रंजना हसली नाही. ती पाणी ओसरलेल्या हौद्याकडे बघत होती, बुजवलेल्या भोकांच्या जागा शोधत होती. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.  पण ती पदर खोचून हौद्यात चढली आणि क्रेट बाजूला करायला लागली.

"ताई, वरचे सहा कोरडे हायत. तेवढे बघा. खालचे चार पाण्यात होते, ते तुम्हाला देत नाय. घरी नेते."

सुमनताईंनी चपला काढल्या, पुढे आल्या आणि वरच्या क्रेटातली सुरमई उचलली. कल्ले उघडून बघितले. बोटाने दाबलं. वास घेतला. मग दुसरी. मग बांगडे. मी ओल्या कपड्यांनी रस्त्यात उभा होतो आणि चौतीस वर्षांत साहेबांच्या शेऱ्याचीही बघितली नव्हती एवढी वाट त्या बाईच्या तोंडून येणाऱ्या शब्दाची बघत होतो. 

"वरचा माल चोख हाय," ताई शेवटी म्हणाल्या. "आणि खालचा आपणहून सांगितलास ते बरा केलास. पयला माणूस नसता बोलला. शुक्रवारी ये."

रंजनाने श्वास सोडला. मीही सोडला.

"पण दोन गोष्टी," ताईंनी बोट वर केलं. "गाडीला भोकं पाड. आणि ह्यांना घरी ठेव."

खालच्या चार क्रेटांमधली मासळी रंजनाने घरी आल्या आल्या चिरून मिठात घातली. सुक्या मासळीत ती मुरलेलीच आहे, त्यामुळे त्यातलं फारसं काही वाया गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इकबालभाईंकडे गेलो. त्यांनी काही न विचारता ड्रिल मशीन हातात घेतलं आणि खिशातला माझा कागद काढून रंजनापुढे धरला. तिने तो वाचला. घडी केली. परत दिला.

"किती पाडू वैनी?" इकबालभाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. रंजनाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"होती तेवढी," ती म्हणाली. पाच मिनिटांत काम झालं.

आता सुमनताईंची खेप बारमाही चालू आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार रंजना एकटी जाते, एकटी येते. माझ्याकडे गाडीचं एकच काम ठेवलंय, ती परत आली की हौदा धुवायचा. मी पाइप लावतो, पाणी सोडतो, आणि ते त्या चार भोकांतून अर्ध्या मिनिटात खाली जातं. मी दर वेळी उभा राहून बघतो. कुठे अडत नाही, कुणाला विचारत नाही, आलं की पुढे! चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून एवढ्या झटपट दुसरं काहीही पुढे गेलेलं नाही.